थाई फळं-भाज्यांची नावं शिकायचीत? लिस्ट बाजूला ठेवा, आधी 'म' धरा

थाई फळं-भाज्यांच्या नावांची लिस्ट नेटवर शोधली की शंभर-दीडशे शब्दांचा तक्ता मिळतो, आपण त्याचा स्क्रीनशॉट काढतो आणि तो फोनमध्ये तसाच पडून राहतो. पाठ करायला बसलात तरी फार काही हाती लागत नाही कारण फणस, कांदा, अननस, कोबी सगळे एका रांगेत एबीसीडीच्या क्रमाने उभे केलेले असतात, कुणाचं कुणाशी काय नातं ते दिसतच नाही. आणि गंमत म्हणजे थाईत या नावांमध्ये नाती चिक्कार आहेत. पुढे एक 'आडनाव', मागे एक विशेषण, असली जोडणी असते. आठ-दहा आडनावं आणि दहाबारा विशेषणं कळली की निम्मा बाजार तुम्ही न शिकता ओळखायला लागता. त्यात मराठी माणसाकडे दोन गोष्टी आयत्या असतात, एक म्हणजे देवनागरी आणि दुसरी म्हणजे संस्कृतातून आलेल्या शब्दांची ओळख. त्या दोन्ही वापरून कसं शिकायचं तेच इथे सांगते.

आधी रोमन स्पेलिंग सोडा

हे मी अगदी ठासून सांगेन. रोमनमध्ये थाई लिहायची पद्धत एकसारखी नाहीच. पपईचं एकच नाव एका मेनूकार्डावर 'मलाको' वाचता येईल असं लिहिलेलं असतं, दुसऱ्यावर शेवटी आर लावून 'मलाकोर'. तो आर कुणी उच्चारतच नाही, इंग्रजांच्या बोलण्यात 'ओआर'चा जो 'ऑ' होतो तो दाखवायला लावलेला असतो, आणि आपण बिचारे भक्तिभावाने 'र' म्हणतो. आपल्याकडे 'ऑ' लिहायला सरळ अक्षर आहे. 'ॲ' पण आहे. थाईत हे दोन्ही स्वर सतत लागतात, तेव्हा वही काढा आणि देवनागरीत लिहा.

व्यंजनांचंही तेच. थाईत प आणि फ, त आणि थ, क आणि ख हे वेगवेगळे आवाज आहेत, शब्दाचा अर्थ बदलतो त्यांनी. इंग्रजी बोलणाऱ्याला तो फरक महिनोन्‌महिने ऐकू येत नाही, आपण तो पहिलीत शिकलोय. रोमनमधला 'पीएच' म्हणजे आपला फळातला फ, फॅनमधला नाही. फॅनमधला फ थाईत वेगळा आहे, त्यासाठी मी खाली नुक्ता दिलाय, फ़ असा. च हा चिमणीतला, चाकातला नाही. आणि छ आपला छत्रीचा.

एक अक्षर मात्र धुळीतून बाहेर काढावं लागेल, ते म्हणजे ङ. आपण ते 'वाङ्मय' सोडून कुठे वापरत नाही. थाईत ते शब्दाच्या शेवटी तर येतंच पण सुरवातीलाही येतं. 'रंग' म्हणा आणि शेवटचा ग गिळून टाका, उरतो तो ङ. आता त्याच्याने शब्द सुरू करा. ङॉ. हे एका फळाचं नाव आहे, पुढे येईलच.

शब्दाच्या शेवटी प, त, क आले तर ते फक्त तोंड बंद करून थांबायचं, फोडायचे नाहीत. आणि शेवटी ल किंवा र लिहिलेला असला तर वाचताना त्याचा न होतो. याचं सगळ्यात छान उदाहरण म्हणजे 'फळ' हाच शब्द. थाई लोक संस्कृतातला 'फल' जसाच्या तसा दोन अक्षरांत लिहितात, फ आणि ल, आणि वाचतात फोन! पण पुढे 'माय' म्हणजे झाड जोडलं की तो लपलेला ल परत बाहेर येतो आणि शब्द होतो फोन-ल-माय, म्हणजे फळं. भाजीला म्हणायचं फक. हसून घ्या आत्ताच, बाजारात हा शब्द सारखा लागणार आहे.

टोनचे आकडे

थाईत पाच टोन आहेत, म्हणजे एकच अक्षर पाच चालींत म्हणता येतं आणि दर वेळी अर्थ वेगळा. याने बरेच जण घाबरतात. पण थाई टोन-चिन्हांची नावं ऐका: एक, थो, त्री, चत्तवा. एक, द्वि, त्रि, चत्वार, दुसरं काही नाही! पाचवा साधा टोन, त्याला वेगळं चिन्ह नसतं. मग आपणही तेच आकडे वापरू. अक्षरापुढे १ म्हणजे आवाज खाली ठेवून सपाट. २ म्हणजे वरून खाली पडणारा, कुणाला दटावताना 'अरे!' म्हणतो तसा. ३ म्हणजे वरच्या पट्टीत. ४ म्हणजे खालून वर चढणारा, विश्वास बसत नसताना आपण 'हो?' विचारतो ना, तसा. आकडा नसेल तर नेहमीचा सपाट आवाज.

इथे एक खाचखळगा आहे तो सांगून टाकते. थाई लिपीत डोक्यावर 'एक'चं चिन्ह दिसलं म्हणून टोन पहिलाच असेल असं नाही, खालचं व्यंजन कुठल्या गटातलं आहे त्यावर ते ठरतं. आंब्याच्या नावावर 'एक'चं चिन्ह असतं पण बोलताना टोन दुसरा, पडणारा. मी खाली जे आकडे देतेय ते बोलण्यातले आहेत. आणि शब्दाच्या सुरवातीचा आखूड तुकडा, म-, क-, ख- वगैरे, बोलताना घाईत उरकला जातो म्हणून त्याला आकडा दिलेला नाही. लिहिताना जिथे मी नुसता 'अ' ठेवलाय तिथे तोंड 'आ'इतकं उघडा पण आवाज आखूड ठेवा.

टोन खरंच महत्त्वाचे आहेत का? फक१ म्हणजे भाजी, फक३ म्हणजे विसावा घेणं, मुक्काम करणं. खा१ म्हणजे कुलिंजन, आल्याच्या कुळातला तो कंद, आणि खा४ म्हणजे पाय. आता खरं सांगायचं तर भाजीवालीच्या समोर उभं राहून बोट दाखवत चुकीच्या टोनमध्ये 'खा' म्हटलंत तर ती काही पाय देणार नाही, संदर्भाने समजून घेतेच. पण टोन नंतर लावू असं म्हणून शब्द सपाट पाठ केला तर तो सपाटच डोक्यात बसतो, मग दुरुस्त करणं जास्त कटकटीचं. पहिल्यापासून आकड्यासकट पाठ करा.

'म'चं घराणं

आता मुख्य गोष्ट. थाईत ढीगभर फळं आणि फळभाज्या 'म'ने सुरू होतात. हा 'म' म्हणजे जुन्या 'माक' या फळवाचक शब्दाचा झिजलेला अवशेष आहे. माक१ हा शब्द अजूनही आहे, आता तो सुपारीसाठी वापरतात. तर या घराण्यातले लोक बघा:

म-मुआङ२ आंबा, म-फ्राव३ नारळ, म-खाम४ चिंच, म-नाव लिंबू, म-ल-कॉ पपई, म-फ़ुआङ कमरख, म-तूम बेलफळ, म-र३ कारलं, म-रुम शेवगा, म-क्रूत१ तो खडबडीत सालीचा लिंबू ज्याची पानं थाई रश्श्यात घालतात. आणि म-खुआ४ वांगं. या 'खुआ'मधला आणि 'फ़ुआङ'मधला उ जरा वेगळा आहे, ओठ गोल करायचे नाहीत, हसल्यासारखे बाजूला ताणायचे आणि मग उ म्हणायचा. आरशासमोर दोनदा करून बघा, जमतं.

म-खाम४ला शेपूट जोडून म-खाम४-पॉम२ केलं की होतो आवळा. चिंचेचा आणि आवळ्याचा झाडात काही संबंध नाही, पण आंबटपणात असावा.

लिपी शिकायची नसली तरी एवढं एकच चित्र डोळ्यात भरून घ्या: थाईत हा 'म' लिहिताना म च्या पुढे विसर्गासारखी दिसणारी खूण असते, एकावर एक दोन छोटे हूक, जवळजवळ आपल्या 'मः'सारखंच. त्या खुणेचं थाई नावसुद्धा 'विसर्जनीय' या संस्कृत शब्दावरूनच आलंय. बाजारातल्या पाट्यांवर ही जोडी सगळीकडे दिसते, आणि दिसली की कळतं की पुढे बहुतेक काहीतरी फळ आहे. बहुतेक म्हणते कारण म-लि३ म्हणजे मोगऱ्याच्या जातीचं जाईसारखं फूल, तो खायचा प्रकार नाही.

फिरंगी आणि परदेशी

हे माझं सगळ्यात आवडतं प्रकरण आहे. बाहेरून आलेल्या भाज्यांना थाई लोकांनी नवीन नावं शोधायचा त्रासच घेतला नाही. जवळची एखादी ओळखीची भाजी घ्यायची आणि मागे 'परदेशी' असं लावून द्यायचं. त्यासाठी दोन शब्द आहेत. एक थेत२, जो आपलाच 'देश', मात्र इथे अर्थ परदेशाचा. दुसरा फ़-रङ१, म्हणजे आपला फिरंगी, शब्द एकाच मुळाचा.

तर वांगं म-खुआ४, आणि टोमॅटो म्हणजे म-खुआ४-थेत२, परदेशी वांगं. मन म्हणजे कंद. रताळं झालं मन-थेत२, परदेशी कंद, आणि बटाटा झाला मन-फ़-रङ१, फिरंगी कंद. आपण बटाटा पोर्तुगीजांकडून नावासकट उचलला, यांनी फक्त कंद उचलला. नॉ१-माय३ म्हणजे बांबूचे कोंब, मग शतावरीसारखे दिसणारे ते महागडे हिरवे ॲस्परॅगस म्हणजे नॉ१-माय३-फ़-रङ१. फक१-छी म्हणजे कोथिंबीर (हो, 'छी'च, बिचारी), आणि लांब दातेरी पानांची जी दुसरी कोथिंबीर मिळते ती फक१-छी-फ़-रङ१. शेपूला म्हणतात फक१-छी-लाव, म्हणजे लाओसची कोथिंबीर.

आणि नुसतं फ़-रङ१ म्हटलं तर? तर तो पेरू. गोऱ्या परदेशी माणसालाही फ़-रङ१च म्हणतात, त्यामुळे एखादा गोरा पर्यटक पेरू खाताना दिसला की थाई लोकांचा 'फिरंगी फिरंगी खातोय' हा विनोद ठरलेला आहे.

उलट दिशेनेही नाव चालतं. फ्रिक३ म्हणजे मिरची. आणि काळी मिरी म्हणजे फ्रिक३-थाय, थाई मिरची. आधी फ्रिक म्हणजे मिरीच होती, अमेरिकेतून मिरची आली तिने नाव पळवलं, मग जुन्या मालकिणीला 'थाय' लावून वेगळं करावं लागलं. आपल्याकडेही मिरीवरूनच मिरची झाली, फक्त आपण मिरीचं नाव शाबूत ठेवलं. ढोबळी मिरची फ्रिक३-वान४, वान४ म्हणजे गोड. आणि ती इवलीशी जहाल मिरची फ्रिक३-खी२-नू४, म्हणजे शब्दशः उंदराच्या लेंड्या. एकदा दिसण्याकडे लक्ष गेलं की हे नाव विसरता येत नाही.

बाकीची आडनावं पटापट

तॅङ हे वेलीवरच्या पाणीदार फळांचं आडनाव. तॅङ-मो कलिंगड, तॅङ-क्वा काकडी, तॅङ-थाय खरबुजासारखं देशी फळ. फ़क३ म्हणजे कोहळा, फ़क३-थॉङ म्हणजे लाल भोपळा, थॉङ म्हणजे सोनं. दोडका बुआप१, दुधी नाम३-ताव२.

थुआ१ म्हणजे शेंगा-कडधान्यं. थुआ१-फ़क१-याव वालीसारख्या लांब शेंगा, याव म्हणजे लांब. थुआ१-ङॉक२ मोड आलेली कडधान्यं, ङॉक२ म्हणजे मोड फुटणं. इथे ङ सुरवातीला आलाय बघा.

हॉम४ म्हणजे सुवासिक, आणि तेच कांद्याचं आडनाव. हॉम४-याय१ मोठा कांदा, हॉम४-डॅङ छोटा लाल कांदा, तोन२-हॉम४ पातीचा कांदा. कांद्याला सुवासिक म्हणणारे लोक मला आवडतात. लसूण मात्र वेगळं कुटुंब, क्र-थिअम. आलं खिङ४, हळद ख-मिन२, गवती चहा त-ख्राय३.

सोम२ म्हणजे संत्रं. सोम२-ओ पपनस. पण ईशान्येकडच्या आणि लाओ बोलीत सोम म्हणजे आंबट, म्हणून सोम२-तम या कच्च्या पपईच्या कोशिंबिरीत संत्र्याची फोडसुद्धा नसते, तम म्हणजे कुटणं, आंबट कुटलेलं एवढाच अर्थ.

पालेभाज्या फक१ने सुरू होतात, फक१-बुङ२ ती पाण्यात वाढणारी पोकळ देठांची भाजी, लसूण-मिरचीवर परतून देतात ती. फक१-कात१-खाव४ चायनीज कोबी, खाव४ म्हणजे पांढरा. कोबी क-लम१-प्ली. मका खाव२-फोत२, यातला खाव२ म्हणजे भात-धान्य. पांढरा खाव४ आणि भात खाव२, एवढ्याच फरकावर सगळं उभं आहे. मशरूम हेत१. मुळा हुआ४-छाय-थाव३. भेंडी क्र-चिअप३, पण हेच नाव अंबाडीच्या कुळातल्या त्या लाल सरबताच्या बोंडांनाही आहे, म्हणून भेंडीच हवी असेल तर मागे खिअव४ म्हणजे हिरवी असं जोडायचं आणि लालला डॅङ.

ज्यांना आडनाव नाही अशी फळं

ही मंडळी एकेकट्याने शिकावी लागतात, पण ती एवढी लक्षवेधी आहेत की जड जात नाही. क्लुआय२ केळं. सप१-प-रोत३ अननस. ख-नुन४ फणस. नॉय३-ना१ सीताफळ. ल-मुत३ चिकू. थप३-थिम डाळिंब, याचाच दुसरा अर्थ माणिक. अ-ङुन१ द्राक्षं, फारसीतल्या अंगूरचंच थाई रूप, शेवटचा र न झालेला. छोम-फू२ म्हणजे जाम, तो घंटेसारखा गुलाबी रसाळ प्रकार, यात आपला 'जंबू' लपलाय. कॅव२-मङ-कॉन ड्रॅगनफ्रूट, आणि त्यातला मङ-कॉन म्हणजे ड्रॅगन, संस्कृत 'मकर'वरून.

मग खास तिथलीच. थु-रिअन डुरियन, मङ-खुत३ मँगोस्टीन, ङॉ३ रामबुतान, लम-याय लाँगन, लिन३-ची१ लिची. ही नावं प्रदेश आणि हंगामासकट लक्षात ठेवली तर जास्त पक्की बसतात. पूर्वेकडचा चंथाबुरी प्रांत डुरियन, मँगोस्टीन आणि रामबुतानसाठी प्रसिद्ध, साधारण मे-जूनमध्ये तिकडे नुसता पूर असतो. उत्तरेतला लंफून लाँगनचा, जुलै-ऑगस्ट. फेच्चबून गोड चिंचेचा, तिथे पाटीवर म-खाम४-वान४ लिहिलेलं असतं, आता तुम्हाला दोन्ही शब्द येतात. दक्षिणेतल्या सुरात थानीचं रामबुतान 'ङॉ३-रोङ-रिअन' नावाने विकतात, रोङ-रिअन म्हणजे शाळा, शाळेच्या आवारातल्या झाडावरून ही जात पसरली.

डुरियन घेणार असाल तर नुसतं थु-रिअन पुरत नाही, जात विचारतात. मॉन४-थॉङ, म्हणजे सोन्याची उशी, मांसल आणि गोड, सगळ्यात जास्त हीच दिसते. छ-नी, म्हणजे गिबन माकड. कान२-याव, म्हणजे लांब देठ. याव पुन्हा आला, शेंगांमध्ये भेटला होता. केळ्यांतही तसंच, क्लुआय२-हॉम४ सुवासिक लांब केळं, क्लुआय२-खाय१ अंड्यासारखं छोटं पिवळं.

ताटातून शिका, वहीतून नको

आता पाठांतराचं. फ्लॅशकार्ड करायची तर जरूर करा, पण पुढच्या बाजूला मराठी शब्द न लिहिता फोटो लावा. मात्र माझ्या मते त्याहून चांगली युक्ती म्हणजे एकेका पदार्थात नावं अडकवून ठेवायची.

सोम२-तम समोर आलंय असं समजा. कच्च्या पपईचा कीस, म-ल-कॉ. उखळात ठेचलेले लसूण आणि मिरच्या, क्र-थिअम, फ्रिक३. अर्धवट चेचलेले टोमॅटोचे तुकडे, म-खुआ४-थेत२. तोडून टाकलेल्या लांब शेंगा, थुआ१-फ़क१-याव. वरून पिळलेलं लिंबू, म-नाव. एका प्लेटीत सहा नावं, आणि उखळात वस्तू पडतील त्या क्रमाने म्हणत गेलात की वेगळं पाठ करावं लागत नाही. दुसरं तोम२-यम हे सूप घ्या, त्यात त-ख्राय३, खा१, फ्रिक३, म-नाव, हेत१ आणि बाय-म-क्रूत१, बाय म्हणजे पान. तिसरी हिरवी करी, कॅङ-खिअव४-वान४, नावातच हिरवी आणि गोड आहे, तिच्यात छोटी गोल वांगी म-खुआ४-प्रॉ१ आणि वाटाण्याएवढी वांगी म-खुआ४-फुआङ, फुआङ म्हणजे घोस. शेवटी खाव२-निअव४-म-मुआङ२, चिकट भात आणि आंबा. चार पदार्थ आणि वीसेक शब्द.

शाकाहारी असाल तर सोम-तम आणि तोम-यम दोन्हीत सुकी कोळंबी किंवा फिश सॉस असतो हे ध्यानात ठेवा. काही नको असेल तर त्या वस्तूच्या आधी माय२-साय१ म्हणायचं, म्हणजे 'घालू नका'. माय२-साय१ फक१-छी, कोथिंबीर नको. कांदा-लसूण न खाणाऱ्यांनी एकेक वस्तू नाकारत बसण्यापेक्षा 'चे' एवढा एक शब्द शिकावा, ती तिथल्या बौद्ध शाकाहाराची पद्धत आहे आणि तिच्यात कांदा-लसूणही वर्ज्य. साध्या शाकाहाराला शब्द आहे मङ-स-वि-रत३, मोठ्याने म्हणून बघा, मांस-विरती ऐकू येईल.

बाजारात गेल्यावर

बँकॉकमध्ये असाल तर चतुचाकजवळचा ऑ तॉ कॉ (रोमनमध्ये Or Tor Kor) बाजार शिकायला उत्तम, माल नीट मांडलेला, पाट्या स्पष्ट. किमती चढ्या आहेत, शिकून घ्या आणि रोजची खरेदी दुसरीकडे करा. बोट दाखवायचं आणि विचारायचं नी२ अ-राय, हे काय. किंवा नी२ रिअक२-वा२ अ-राय, याला काय म्हणतात. मागे पुरुषांनी ख्रप३, बायकांनी ख३ लावायचं. मग ती जे म्हणेल ते लगेच परत म्हणा, ती दुरुस्त करतेच, बहुतेकींना यात भारी मजा वाटते. तिच्या तोंडी र ऐकू येणार नाही याची तयारी ठेवा, रोजच्या बोलण्यात अ-रायचं अ-लाय होतं आणि फ्रिकचं फिक, क्लुआयचं कुआय. तुम्ही मात्र पूर्ण उच्चार शिका, ओळखण्यापुरतं दुसरं माहीत असू द्या.

भाव विचारायला थाव२-राय१. किलोचा भाव विचारायचा तर कि-लो-ल३-थाव२-राय१. पाव किलो, अर्धा पाव असलं काही नसतं, त्याऐवजी खीत१ असतं, एक खीत म्हणजे १०० ग्रॅम, मिरच्या-लसणाच्या पाट्यांवर भाव बरेचदा खीतचा असतो. ४० बाट वाचून किलोचा समजलात तर हिशेब दहापट चुकेल.

आणि मोजताना नग-शब्द लागतो. क्रम असा, आधी वस्तू, मग आकडा, मग नग. गोल फळांना लूक२, म्हणजे शब्दशः लेकरू. कोबी, कांदा, लसणीला हुआ४, डोकं. पालेभाजीच्या जुडीला कम, मूठ. शेंगा आणि कणसांना फ़क१. केळ्यांना काय, तर वी४, आणि वी४ म्हणजे कंगवा. आपण केळ्याची फणी म्हणतो ना, तेच! म्हणजे क्लुआय२ सॉङ४ वी४, केळी दोन फण्या, मराठी माणसाला हे शिकवावं लागतच नाही. आंबा-पपई घेताना पिकलेलं हवं तर सुक१, कच्चं हवं तर दिप१. आंबट प्रिअव२.

एवढं सगळं जमलं आणि तुम्ही खोन केन किंवा उडोन थानीकडे गेलात तर 'म' परत हातातून निसटेल. तिकडच्या बोलीत 'म'च्या जागी 'बक' येतं, आंबा बक-मुआङ, पपई तर साफ वेगळीच, बक-हुङ, आणि पेरू फिरंगी न राहता बक-सीडा होतो. त्या भागाचं नाव ई-सान४, ईशान्येला आहे म्हणून, आणि भाषेला म्हणतात फा-सा४. म्हणजे प्रश्न तयारच आहे: फा-सा४ ई-सान४ रिअक२-वा२ अ-राय?